आधी उंबरा, मग रंग

वाचकाचे पत्र: मी ४३ वर्षांचा असून मूळचा सांगलीचा आहे आणि गेली १४ वर्षे इंग्लंडमध्ये स्विंडन येथे राहतो. शेजारच्या आजोबांनी १९७१ साली नवीकोरी घेतलेली एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी छताची दोन आसनी गाडी, त्यांनी मला देऊ केली आहे. ती १९ वर्षे त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि फार वाईट गंजली आहे. एका गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज १८ हजार पौंड सांगितला. माझ्याजवळ या कामासाठी ६ हजार पौंड, एका गाडीपुरते गॅरेज आणि शनिवार-रविवार आहेत. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे आणि नुकताच वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग पूर्ण केला आहे. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांना ८५ वर्षे पूर्ण होतील; त्या दिवशी त्यांना याच गाडीतून फिरवून आणावे, अशी माझी इच्छा आहे. पत्नीला हा पैशाचा अपव्यय वाटतो. ही गाडी वाचेल का, आणि मी हे काम अंगावर घ्यावे का?

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. छायाचित्रांत बॉनेटवरचे फोड, मडगार्डाच्या कडांना पडलेली भोके आणि डिक्कीच्या झाकणाची चाळण स्पष्ट दिसते, आणि ती पाहून कोणाच्याही पोटात गोळा यावा, हे खरे आहे. परंतु या गाडीचे भवितव्य यांपैकी एकाही गोष्टीवर अवलंबून नाही. बॉनेट, दरवाजे, डिक्कीचे झाकण आणि पुढची मडगार्डे हे सारे बोल्टांनी बसवलेले भाग आहेत. ते काढून दुसरे बसवता येतात आणि इंग्लंडमध्ये ते विकतही मिळतात. ज्या पत्र्यावर ही गाडी उभी आहे तो पत्रा तुमच्या एकाही छायाचित्रात नाही. म्हणून गाडी वाचेल का, या प्रश्नाचे उत्तर मी आज देऊ शकत नाही. ते तुम्हाला स्वतःला, एकही पौंड खर्च न करता, दोन शनिवारांत कसे मिळवता येईल, तेवढे मी आधी सांगतो.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी होती, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी. सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमजीबीची रचना करताना ही पद्धत सोडून दिली आणि दाबून घडवलेल्या पातळ पत्र्यांच्या पेट्या एकमेकींना जोडून अशी बॉडी केली, की तीच सांगाडाही झाली. बंद छताच्या गाडीत छतही भार वाहते. रोडस्टरला छतच नसल्यामुळे पुढची चाके आणि मागची चाके यांना एका रेषेत धरून ठेवण्याचे बहुतेक सगळे काम दोन्ही दारांखालच्या दोन लांब पेट्या आणि मधला बोगदा, म्हणजे दोन आसनांमधून जाणारा पत्र्याचा उंचवटा, यांच्यावर येते. या पेट्यांना इंग्लंडमध्ये सिल म्हणतात. मी त्यांना उंबरा म्हणतो, कारण घराच्या उंबऱ्यासारख्याच त्या पायाखाली येतात आणि घराच्या उंबऱ्यासारखेच त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

हा उंबरा एका पत्र्याचा नाही. बाहेरून दिसतो तो बाह्य उंबरा. आतल्या बाजूला, गालिच्याखाली, जमिनीच्या पत्र्याला जोडलेला आंतर उंबरा. या दोघांच्या मधोमध उभा असलेला पडदा. आणि खालून या तिघांना एकत्र धरणारी, कडेला किल्ल्याच्या चर्येसारख्या खाचा असलेली पट्टी, जिला तेथील कारागीर कासल रेल म्हणतात. चारही पत्रे शाबूत असतील तेव्हाच ती पेटी ताठ राहते. शिवाय ही पेटी दाराच्या लांबीपुरती नसते. पुढे ती मडगार्डाच्या आत चाकाच्या कमानीपर्यंत जाते आणि मागे मागच्या मडगार्डाच्या आत शिरते. दारापुरता नवा पत्रा चिकटवून दिलेली गाडी बाहेरून दुरुस्त दिसते, पण तिची दोन्ही टोके आत तशीच सडलेली राहतात.

गंज येथेच का लागतो, हेही समजून घ्या, कारण तपासणीची सगळी दिशा त्यातून ठरते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून खाणीतले मीठ पसरतात. चेशायरमधील विन्सफर्डची खाण यासाठीच ओळखली जाते. पुढचे चाक ते खारट चिखलपाणी मडगार्डाच्या आत वर फेकते, तेथे एका कप्प्यावर त्याचा थर बसतो, आणि प्रत्येक पावसात तो थर थोडाथोडा खाली सरकून उंबऱ्याच्या पुढच्या तोंडाशी साचतो. मिठामुळे ओलाव्यातून विजेचे वहन सोपे होते आणि लोखंडाचे गंजणे वेगाने होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो पाचरीसारखा सांधा उघडतो आणि पाण्याला पुढची वाट करून देतो. आतून सुरू झालेली ही झीज बाहेरच्या रंगावर फोड म्हणून दिसू लागते तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. कोकणात ज्यांचे घर आहे त्यांना खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचे काय होते हे सांगावे लागत नाही. हाच प्रकार येथे बंद पेटीच्या आत, नजरेआड होतो. ताडपत्रीने पाऊस अडवला असेल, परंतु जमिनीतून वर येणारी ओल तिने १९ वर्षे गाडीखाली धरून ठेवली, हे विसरू नका.

आता तपासणी. बॅटरीवर चालणारा दिवा, एक लोहचुंबक, जुना बोथट स्क्रूड्रायव्हर आणि वही एवढेच साहित्य घ्या. गाडी समतल जमिनीवर चाकांवर उभी असताना दोन्ही दारांभोवतीच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा. मागच्या बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे असे समजावे. त्यानंतर दार उघडे ठेवून कोणाला तरी आसनावर बसवा आणि पुन्हा दार लावून पाहा. माणूस बसल्यावर दार घासू लागले तर त्या बाजूचा उंबरा नावालाच उरला आहे. गाडी तिच्या मूळ जॅकच्या जागेवर उचलू नका. त्या जागी पत्रा सडका असल्यास जॅक आत घुसतो आणि गाडी अंगावर येऊ शकते. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे पुढच्या चाकांमधली आडवी तुळई, आणि मागचा ॲक्सल यांना आधार देऊन ती भक्कम घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवण्याच्या लोखंडी तिवयांवर, चढवा आणि मगच खाली जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नये.

खाली गेल्यावर कासल रेल आणि बाह्य उंबरा यांच्या जोडाची खाली आलेली कड आहे का ते पाहा. ती कड दिसत नसेल आणि त्या जागी एक गुळगुळीत वळवलेला पत्रा असेल, तर कोणी तरी पूर्वी जुन्या सडक्या उंबऱ्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड केला आहे. ही दुरुस्ती नसून झाकण आहे आणि ती या गाड्यांत फार आढळते. लोहचुंबक उंबऱ्यावरून, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यावरून आणि पुढच्या मडगार्डाच्या तळावरून फिरवा. जेथे तो धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, जिला आपल्याकडचे डेंटर लांबी म्हणतात. गालिचे काढून जमिनीच्या कडा आणि आंतर उंबरा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. आसनांच्या मागे, जमिनीच्या झाकणाखाली, तुमच्या सालच्या गाडीला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या दोन पेट्या असतात. आम्लाने त्यांचे तळ गेलेले असणार, पण त्या स्वस्तात बदलता येतात. त्यांच्या जवळच मागच्या पाट्यांची, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, पुढची टोके बॉडीला जोडलेली असतात, आणि तेथील गंज मात्र अतिशय गंभीर समजावा, कारण मागचा ॲक्सल त्या जागी धरलेला आहे. डिक्कीत पाट्यांच्या मागच्या टोकांच्या जागा पाहा. पेट्रोलची टाकी डिक्कीच्या तळाखाली असते. टाकीचा वरचा पत्रा आणि डिक्कीचा तळ यांच्यामध्ये ओली माती अडकून टाकी वरून गंजते, म्हणून खालून ती कितीही चांगली दिसली तरी नवी घेण्याची तयारी ठेवा.

या तपासणीतून तीन शक्यता निघतात. उंबऱ्याचे बाहेरचे पत्रे, कासल रेल आणि जमिनीच्या कडा गेल्या आहेत, पण आंतर उंबऱ्याचा बराचसा भाग, दारांचे पुढचे-मागचे खांब आणि पाट्यांच्या जागा टणक आहेत, असे आढळले तर गाडी वाचते आणि हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. एका बाजूचा आंतर उंबराही गेला असेल तर गाडी वाचते, परंतु वेळ दुप्पट लागेल. दोन्ही बाजूंचे आंतर उंबरे, खांबांचे तळ आणि पाट्यांच्या जागा सगळेच हाताला भुसभुशीत लागले, तर मात्र तुकडे जोडत बसू नका. अशा गाडीत नवा पत्रा वेल्ड करायला शाबूत पत्राच सापडत नाही. प्रत्येक जोड पुढच्या सडक्या जागेवर जाऊन थांबतो आणि शेवटी तुमच्या हाती मोजमापे हरवलेले ठिगळकाम उरते.

त्या तिसऱ्या स्थितीतही वाट आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर एमजीबीच्या संपूर्ण नव्या बॉड्या १९८८ पासून बनवत आली आहे, आणि तिचा कारखाना विटनी येथे, म्हणजे तुमच्यापासून फार दूर नाही. नवी बॉडी तुमच्या ६ हजारांत बसणार नाही हे आताच सांगतो, परंतु १८ हजारांच्या अंदाजाशी तुलना करताना ती विचारात घेतलीच पाहिजे. मूळ नमुन्याबरहुकूम बॉडी बदलणे हा ब्रिटिश नियमांनुसार गाडीतील मोठा फेरफार मानला जात नाही. खरेदीची पावती मात्र जपून ठेवावी. बॉडी बदलली की गाडी तीच राहते का, हा प्रश्न तुम्हाला छळेल. मला स्वतःला असे वाटते, की आजोबांनी ज्या स्टिअरिंगवर हात ठेवले, ज्या इंजिनाचा आवाज ऐकला आणि ज्या आसनावर ते बसले, ते सारे त्याच गाडीत परत जाणार असेल तर ती गाडी तीच आहे. देवळाचा जीर्णोद्धार करताना भिंती नव्या बांधल्या तरी गाभारा तोच राहतो.

गॅरेजच्या १८ हजारांबद्दल. हा आकडा मला फसवणुकीचा वाटत नाही, कारण अशा कामात सुट्या भागांपेक्षा माणसाचे तास कितीतरी अधिक खर्ची पडतात आणि इंग्लंडमध्ये तास महाग आहेत. परंतु त्या अंदाजात रंगाचा आणि अंतर्भागाचा वाटा किती आणि उंबऱ्यांचा वाटा किती, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही. तो लेखी विभागून मागा. माझा सल्ला असा, की काढणे, मोजणे, साफ करणे, जुळवून पाहणे ही सर्व कामे तुम्ही करावीत, कारण तास त्यांतच जातात. आणि उंबऱ्याचे अखेरचे वेल्डिंग स्वतः करावे की एखाद्या अनुभवी वेल्डरला तुमच्या गॅरेजात दोन-तीन दिवस बोलावून घ्यावे, हे तुमचे सरावाचे जोड पाहून ठरवावे. तुमच्या पत्नीच्या शंकेला मी नुसता हट्ट मानत नाही. हिशेबाने पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे: तयार, चालती एमजीबी अनेकदा १८ हजारांहून कमी किमतीत मिळते. म्हणून तपासणीची वही त्यांच्यासमोर ठेवा, दोघांनी मिळून खर्चाची कमाल मर्यादा ठरवा, आणि तिसरी स्थिती निघाली तर काय करायचे याचा निर्णय पहिला बोल्ट सोडण्याआधी घ्या. अर्धवट सुटी केलेली गाडी ना विकता येते ना चालवता येते, आणि अशा गाड्या खोक्यांत भरून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मी फार पाहिल्या आहेत.

एक चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या एमजीबीचे दोन्ही उंबरे मी एकाच आठवड्यात कापले. दारांच्या चौकटींत आधार दिला नव्हता, इंजिन गाडीतच होते, आणि घोडे मला सोयीचे वाटले तेथे ठेवले होते. नवे पत्रे उत्तम वेल्ड झाले. पण गाडी जमिनीवर उतरवल्यावर एकही दार लागेना. खचलेल्या अवस्थेतच मी तिला कायमचे जोडून टाकले होते. ते सगळे जोड पुन्हा कापून काढावे लागले आणि त्या एका चुकीत माझे जवळजवळ सात महिने गेले. म्हणून कापण्यापूर्वी दारांच्या फटी योग्य होईपर्यंत आधारांची उंची जुळवा. मग पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पोलादी नळी टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, घालून बसवा, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना आडवी जोडणारी आणखी एक नळी लावा. एका वेळी एकच बाजू उघडा. प्रत्येक पत्रा आधी नुसत्या पकडींनी धरा, त्यावर दार आणि मडगार्ड बसवून फटी मोजा, पटल्यावर टाके घाला, पुन्हा दार लावून पाहा, आणि मगच पूर्ण वेल्ड करा. दार बसवून पाहण्याचा कंटाळा येईल, कारण ते जड असते आणि बिजागरीचे स्क्रू कटकट करतात. तरीही दर वेळी ते बसवाच.

पुढचे मडगार्ड न काढता उंबरा बदलता येतो असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका. त्याचे काही बोल्ट पुढच्या काचेच्या खांबाच्या आसपास, हात पोहोचणे कठीण अशा जागी असतात आणि गंजून जाम झालेले असतात. त्यांवर आठवडाभर रोज गंज सैल करणारे तेल सोडा आणि घाई करू नका. मागचे मडगार्ड बोल्टांचे नसून वेल्ड केलेले असते, त्यामुळे त्याचा खालचा कोपरा कापावाच लागेल. तो तुकडा दुरुस्तीसाठी वेगळा मिळतो.

वेल्डिंगविषयी थोडे तपशिलात लिहितो. हे पत्रे साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर जाडीचे आहेत, त्यामुळे मिग यंत्रावर, म्हणजे वायूच्या आवरणात सतत पुढे येणाऱ्या तारेने वेल्ड करणाऱ्या यंत्रावर, ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरा. कारखान्यात जेथे स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्यांनी जोडणारे वेल्ड, होते तेथे वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डने भरावीत. जेथे पत्र्याचा तुकडा जोडला आहे तेथे जोड सलग असला पाहिजे, कारण ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत ठिगळाचा जोड सलग नसेल तर तो मान्य होत नाही. सलग याचा अर्थ एका दमात असा घेऊ नका. लांब वेल्ड एकदम ओढला तर पत्रा तापून लाटेसारखा वाकतो. थोडा येथे, थोडा दूर, थंड होऊ देत, असे टाके जुळवत तो पूर्ण करावा. संध्याकाळच्या वर्गात तुम्ही बहुधा जाड पट्टीवर, टेबलावर हात टेकवून वेल्ड केले असेल. गाडीखाली पाठीवर झोपून पातळ पत्रा वेल्ड करणे निराळे आहे. त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव करा, जोड पक्कडीने पिळून तोडून पाहा. पत्रा फाटला आणि जोड टिकला, तरच गाडीला हात लावा. सडक्या पत्र्यावर गंज बदलणारे रसायन लावून त्यावर वेल्ड करू नका. चकाकणारे शुद्ध लोखंड दिसेपर्यंत कापा.

सुरक्षेच्या बाबतीत माझ्याकडून कोणतीही सूट मागू नका. कापण्यापूर्वी पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून गाडीपासून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते, आणि ती स्वतः कधीही वेल्ड करू नये. बॅटऱ्या आणि अल्टरनेटर यांच्या तारा सोडा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्ड केल्यास फॉस्जिन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. असा क्लीनर गॅरेजात आणूच नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर अंगात गेल्यास थंडी-ताप भरतो, म्हणून जोडाजवळचा मुलामा घासून काढा आणि दार उघडे ठेवा. बॉडीच्या मूळ जोडांत आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. तेथे कोरडे घासकाम करू नका आणि त्या कपड्यांनी घरात, विशेषतः लहान मुले असतील तर, जाऊ नका. वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास गॅरेजातून हलू नका. गालिच्याच्या तुकड्यात किंवा पोकळीतल्या जुन्या गंजरोधक मेणात ठिणगी धुमसत राहते.

बिजागऱ्या, कंस, पकडी अशा लहान सुट्या भागांसाठी एक उपाय तुम्हाला, सांगलीचे असल्यामुळे, ओळखीचा वाटेल. साखर कारखान्याची मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात गंजलेले लोखंड दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले, की गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला इजा होत नाही. इंग्लंडमध्ये ही मळी गुराघोड्यांच्या खाद्याच्या दुकानांत मिळते. वास उग्र असतो, म्हणून पिंप घरापासून दूर आणि झाकून ठेवा, आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडूनही गंज काढतात. त्यात दुसरा ध्रुव म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. माझी पसंती मळीलाच आहे.

यंत्रभागाची तुम्हाला फारशी चिंता नको. १७९८ सीसीचे ते इंजिन साधे आणि चिवट आहे. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि हाताने फिरवून पाहा, स्टार्टरने नव्हे. ब्रेकच्या नळ्या, रबरी पाइप, सिलिंडर आणि टायर यांत जुने काहीही ठेवू नका, टायरची नक्षी कितीही शिल्लक असो. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या.

वेल्ड झालेला उंबरा आतून उघडा लोखंडी असतो आणि त्याच्या गंजण्याला त्याच दिवशी पुन्हा सुरुवात होते. रंग आत पोहोचत नाही. म्हणून लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीत शिरणारे मेण आत सोडावे, तेही कोरड्या, उबदार दिवशी, आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवून. पुढच्या मडगार्डाआडचा तो कप्पा दर हिवाळ्यानंतर धुवावा. मूळ कारखान्याने हे केले असते तर तुमचे पत्र मला आलेच नसते.

आता आजोबांच्या वाढदिवसाकडे वळतो. शनिवार-रविवारच्या भरवशावर उंबरे, ब्रेक, इंजिन, रंग आणि अंतर्भाग हे सगळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होणार नाही. परंतु यांतील रंग आणि अंतर्भाग बाजूला ठेवले, तर पहिल्या स्थितीतली गाडी तोपर्यंत रस्त्यावर येऊ शकते, आणि माझे स्पष्ट मत आहे की तुम्ही तसेच करावे. उंबऱ्यांवर करडा प्रायमर, मडगार्डांवर जुना रंग आणि फाटकी आसने अशा अवस्थेतली गाडी भक्कम आणि सुरक्षित असू शकते. चकचकीत रंगाखाली सडका उंबरा असलेली गाडी मात्र अपघातात माणसाला वाचवत नाही. तुमची गाडी ४० वर्षांहून जुनी असल्याने, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणी सक्तीची नाही आणि ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद केल्यावर रस्ता करही पडत नाही. तरीही आजोबांना बसवण्यापूर्वी ती तपासणी स्वखुशीने करून घ्या. पाट्यांच्या आणि सीट बेल्टच्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज तपासणारा परक्या डोळ्यांनी पाहील, आणि तुमच्या जोडांवर दुसऱ्या कोणाची तरी नजर पडणे आवश्यक आहे. ती पार न पडल्यास वाढदिवस चुकला तरी चालेल, पण त्यांना त्या गाडीत बसवू नका.

शिवाय त्या दिवसाची वाट पाहत आजोबांना दूर ठेवण्याची गरज नाही. गाडी कापलेली पाहून त्यांना वाईट वाटेल, असे तुमच्या मनात येईल. मला तसे वाटत नाही. ज्यांनी ती नवी घेतली आणि वर्षानुवर्षे चालवली, त्यांनी तिची दुरुस्ती अनेकदा पाहिलेली असणार. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. गाडीचा क्रमांक आणि कागदपत्रे पाठवून शुल्क भरले, की ती कोणत्या दिवशी तयार झाली, मूळ रंग कोणता होता आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, याचे प्रमाणपत्र मिळते. ते आताच मागवा आणि आल्यावर त्यांच्यासमोर उघडा. येत्या शनिवारी तपासणी सुरू करताना गॅरेजात त्यांच्यासाठी एक खुर्ची टाका, आणि गाडीखाली जाण्यापूर्वी त्यांना विचारा, की उंबऱ्याचे काम आजवर कधी, कोणत्या बाजूला आणि कोणी केले होते. त्यांनी सांगितलेली बाजू वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि लोहचुंबक आधी तेथेच लावा.